माळाला राबता हवा

इंग्लंडच्या दक्षिणेला, डॉर्सेट किंवा सरे परगण्यातल्या माळांवर, हिवाळ्यात एक दृश्य हमखास दिसतं. जाड हातमोजे घातलेली दहा-पंधरा माणसं करवती आणि कात्र्या घेऊन वाकलेली असतात. पाइन आणि बर्चची कमरेएवढी झाडं ती बुडाशी कापतात, ओढत नेतात, ढीग रचतात. मजुरी कुणाला मिळत नाही. यातले बरेच जण पक्षीवेडे असतात आणि हे सगळं पक्ष्यांसाठीच करतात. कुत्रा फिरवायला आलेला एखादा नवखा रहिवासी थबकून विचारतो, निसर्ग राखणारे म्हणवता, मग झाडं का तोडता?

प्रश्न रास्त आहे. पण त्या माळाचा चार हजार वर्षांचा हिशेब मांडल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही.

निकसपणाची कमाई

या माळाला इंग्रजीत ‘हीथ’ म्हणतात. वाळूची, आम्लधर्मी, निकस जमीन आणि तिच्यावर गुडघ्याएवढी झुडपं, हे त्याचं रूप. समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटरपर्यंतचे असे माळ ‘लोलँड हीथ’ म्हणून ओळखले जातात. यॉर्कशर-स्कॉटलंडचे उंचावरचे ओले ‘मूर’ वेगळे. इथलं मुख्य झुडूप हेदर. ऑगस्टमध्ये ते फुललं की सगळा माळ जांभळा होतो. त्याच्या जोडीला गॉर्स. हे झुडूप इतकं काटेरी की हात घालायची सोय नाही, आणि उन्हात त्याच्या पिवळ्या फुलांना चक्क खोबऱ्याचा वास येतो. गॉर्सच्या दोन-तीन जाती मिळून जवळजवळ बारा महिने कुठे ना कुठे फूल असतंच. म्हणूनच गॉर्सचा बहर सरला की मुके घेण्याचा हंगामही सरतो, अशी एक मिश्कील म्हण तिकडे आहे.

पाहणाऱ्याला हा माळ आदिम वाटतो, पण तो माणसाच्या हातचा आहे. जेफ्री डिंबलबी या शास्त्रज्ञांनी कांस्ययुगातल्या दफनटेकाडांखाली गाडली गेलेली माती तपासली. १९६२ साली त्यांनी मांडलेल्या अभ्यासातून दिसलं, की या माळांच्या जागी एके काळी रान होतं. शेतीसाठी आणि गुरांसाठी माणसानं ते तोडलं. झाडांची मुळं गेल्यावर पावसानं वाळूतली पोषकद्रव्यं खाली धुऊन नेली. वर राखाडी, निःसत्त्व थर उरला आणि खाली लोहाचा कठीण पापुद्रा जमला. धान्य पिकेना, तेव्हा ती जमीन गावकीच्या चराईसाठी सुटली.

पुढची कित्येक शतकं गरिबांनी हा माळ ओरबाडला आणि त्यातूनच तो टिकला. गावकऱ्यांना तिथे परंपरेचे हक्क होते. गुरं चारावीत, चुलीसाठी मुळांसकट मातीची ढेकळं कापून वाळवावीत, भट्टीसाठी गॉर्स तोडावा, गोठ्यात अंथरायला नेचे न्यावेत, हेदरचे झाडू बांधावेत. माळावरून उचललेल्या प्रत्येक भाऱ्याबरोबर थोडं सत्त्व बाहेर जात होतं. जमीन निकस राहिली म्हणून गवत आणि झाडं माजली नाहीत, आणि ती माजली नाहीत म्हणून हेदर तगलं. माळाला राबता होता तोवर माळ माळच राहिला.

माळाचे मानकरी

या माळाचा मानकरी पक्षी म्हणजे डार्टफर्ड वटवट्या. चिमणीहून लहान, पाठ पाटीच्या रंगाची, छाती गर्द तांबूस, डोळा लाल आणि शेपूट जवळजवळ अंगाएवढी लांब. १७७३ मध्ये जॉन लॅथम यांना केंटमधल्या डार्टफर्डजवळ, बेक्सली हीथवर या पक्ष्याची जोडी मिळाली आणि त्या गावाचं नाव त्याला चिकटलं. बेक्सली हीथवर आज लंडनचं उपनगर आहे. कीटक खाणारे इतर बहुतेक वटवटे हिवाळ्यात दक्षिणेकडे निघून जातात. हा मात्र जागा सोडत नाही. बर्फ पडला तरी दाट गॉर्सच्या पोटात कोळी आणि किडे शिल्लक असतात, त्या भरवशावर तो राहतो. हा भरवसा कधी कधी दगा देतो. १९६२-६३ च्या भीषण हिवाळ्यानंतर संपूर्ण ब्रिटनमध्ये त्याच्या जेमतेम दहा-बारा जोड्या उरल्या होत्या.

दुसरा मानकरी रातवा. आपल्याकडच्या रातव्यांचाच हा भाऊबंद. मे महिन्यात तो आफ्रिकेतून येतो, सप्टेंबरपर्यंत परततो. दिवसभर जमिनीवर सुक्या पानाच्या रंगात मिसळून बसलेला असतो, तेव्हा पाय पडायची वेळ आली तरी दिसत नाही. संधिप्रकाशात मात्र नर पाइनच्या वठलेल्या फांदीवर बसून घरघर सुरू करतो. लांबवर कुणी शिवणयंत्र चालवत बसावं तसा तो आवाज मिनिटामिनिटांनी चढ-उतार घेत चालूच राहतो. मध्येच तो उडतो, पंख टाळीसारखे वाजवतो आणि पंखांवरचे पांढरे ठिपके अंधारात चमकून जातात. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ ‘शेळ्यांचं दूध पिणारा’ असा आहे. गुरांभोवतीच्या किड्यांसाठी तो संध्याकाळी कळपाजवळ घिरट्या घालतो, एवढ्यावरून ग्रीक-रोमन काळापासून त्याच्यावर हा आळ आला.

फेब्रुवारीत, माळ अजून करडा असतानाच, वुडलार्क गाऊ लागतो. चंडोलाच्याच कुळातला हा पक्षी उतरत्या सुरांची एक हळवी लड आकाशातून सोडत जातो. गॉर्सच्या शेंड्यावर गप्पीदास बसलेला असतो. दोन खडे एकमेकांवर आपटावेत तसा त्याचा आवाज. हिवाळ्यात आपल्या माळांवर येणारा गप्पीदास याचाच जवळचा नातलग. अनुभवी निरीक्षक आधी गप्पीदास शोधतात, कारण डार्टफर्ड वटवट्या पुष्कळदा त्याच्या मागेमागे फिरतो. गप्पीदास उंचावरून पहारा करतो आणि खालच्या झुडपात वटवट्या निर्धास्त चरतो.

माळाची खरी श्रीमंती मात्र जमिनीलगत आहे. ब्रिटनमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मूळच्या जाती अवघ्या सहा: तीन साप आणि तीन सरडेवर्गीय. डॉर्सेटच्या माळांवर सहाही सापडतात. त्यातला वाळूसरडा उघड्या वाळूत अंडी घालतो आणि ती उबवण्याचं काम उन्हावर सोपवतो. वाळू झुडपांनी झाकली गेली की त्याचा वंश खुंटतो. सिल्व्हर-स्टडेड ब्लू या छोट्या निळ्या फुलपाखराच्या अळ्यांना काळ्या मुंग्या सांभाळतात आणि मोबदल्यात त्यांच्या अंगातला गोड रस घेतात. ओलसर खड्ड्यांतून चतुर उठतात आणि हॉबी नावाचा चपळ ससाणा त्यांना हवेत पकडून उडता उडताच खातो. सरेमधलं थर्सली कॉमन याच दृश्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे चतुर आणि टाचण्यांच्या वीसहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

सगळ्यांत नवलाची कथा ‘लेडीबर्ड स्पायडर’ या कोळ्याची. नराच्या लालभडक पाठीवर चार काळे ठिपके असतात, त्यावरून हे नाव. सत्तरेक वर्षं तो ब्रिटनमधून नाहीसा झाल्याचं मानलं जात होतं. १९८० मध्ये डॉर्सेटच्या एका माळावर त्याची छोटी वसाहत सापडली. ती वाढल्यावर २०११ मध्ये काही कोळी आर्न राखीव क्षेत्रात हलवण्यात आले, तेही पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्यांत माती आणि हेदर भरून. या कोळ्याचं बीळ उभं, नळीसारखं असतं आणि बाटलीचा आकार त्याला नेमका बसला.

या यादीतल्या प्रत्येकाची गरज वेगळी आहे. सरड्याला उघडी वाळू, वुडलार्कला खुरटं गवत, रातव्याला तरुण हेदर आणि एखादं एकटं झाड, वटवट्याला दाट गॉर्स. हे सगळं एकाच माळावर तुकड्यातुकड्यानं असावं लागतं, आणि त्या गोधडीचे तुकडे जुना राबता आपसूक बदलत ठेवायचा. आज इथलं तोडलं, उद्या तिथलं जाळलं, परवा पलीकडे चारलं.

माळ गेले कुठे

१८०० नंतर इंग्लंडमधले ऐंशी टक्क्यांहून अधिक सखल माळ नाहीसे झाले. युरोपातल्या इतर देशांतही तीच गत झाली, त्यामुळे जगातल्या अशा माळांपैकी सुमारे पाचवा हिस्सा एकट्या ब्रिटनमध्ये असल्याचं सांगितलं जातं.

गावकीच्या जमिनींना कुंपणं घालणारे कायदे झाले, खतं आली आणि माळाची शेती झाली. पहिल्या महायुद्धात लाकडाचा तुटवडा जाणवला म्हणून १९१९ मध्ये वनखातं स्थापन झालं. त्याला स्वस्त जमीन हवी होती, ती माळांच्या रूपानं मिळाली आणि पाइनच्या रांगा उभ्या राहिल्या. उरलेल्या माळांवर शहरं पसरली. बोर्नमथ हे आजचं मोठं किनारी शहर १८१० पर्यंत निव्वळ माळ होतं. टॉमस हार्डी यांनी १८७८ च्या ‘द रिटर्न ऑफ द नेटिव्ह’ या कादंबरीत ज्या माळाला जवळजवळ पात्राचं स्थान दिलं, तो डॉर्सेटचाच. १८११ च्या सुमारास तीस हजार हेक्टर असलेले तिथले माळ १९६० पर्यंत दहा हजारांवर आल्याचं नॉर्मन मूर यांनी १९६२ मध्ये दाखवलं. त्यांचा भर केवळ आकड्यावर नव्हता. मोजके मोठे माळ तुटून त्यांचे शंभराच्या वर तुकडे झाले होते, आणि लहान एकाकी तुकड्यांवरून जाती आधी गळतात, हे त्यांनी नोंदीनिशी मांडलं. अधिवासाचे तुकडे पडण्याच्या अभ्यासात तो निबंध आजही पायाभूत मानला जातो.

नांगर आणि विटांच्या तावडीतून सुटलेल्या माळांवरचा घाव मात्र कुणाच्या लक्षात आला नाही. तो होता विसराचा. कोळसा आल्यावर ढेकळं कापायला कुणी जाईना. गुरं गोठ्यात गेली. थोडीफार चराई सशांनी चालवली होती, पण १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिसची साथ आली आणि ससे पटापट मेले. हात थांबले, दात थांबले, आणि दहा-वीस वर्षांत बर्च-पाइननी माळ गिळायला सुरुवात केली. हिवाळी करवती याच कर्जाचं व्याज फेडत आहेत.

काही माळ वाचले ते अनपेक्षित राखणदारांमुळे. ऑल्डरशॉट, पर्ब्राइट, बव्हिंग्टन इथल्या लष्करी सरावभूमींवर ना घरं आली ना नांगर. रणगाड्यांनी वाळू उघडी ठेवली आणि तोफगोळ्यांनी अधूनमधून आगी लावल्या; ओबडधोबड का होईना, राबता चालू राहिला. ग्रीनम कॉमनची कहाणी तर उलटी फिरली. या गावकीच्या माळावर हवाई तळ झाला, १९८१ पासून स्त्रियांनी तिथे शांततेसाठी तळ ठोकला, अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रं आली. क्षेपणास्त्रं गेली, धावपट्टी फोडून काढली आणि २००० मध्ये माळ पुन्हा लोकांसाठी खुला झाला. आता तिथे गुरं चरतात आणि उन्हाळ्यात रातवे घरघरतात.

राखण्याचा हिशेब

पक्ष्यांच्या आकड्यांत या मेहनतीचं फळ दिसतं. आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेनं १९६० च्या दशकात आर्न इथे जमीन घेतली, ती मुख्यतः डार्टफर्ड वटवट्यासाठी. दहा-बारा जोड्यांवर आलेला हा पक्षी २००६ च्या गणनेत सुमारे ३,२०० ठिकाणी आढळला. १९९० च्या दशकात तो सफकच्या किनारी माळांवरही परतला. घरघरणाऱ्या रातव्यांची गणना १९८१ मध्ये २,१०० च्या आसपास होती, ती २००४ मध्ये ४,६०० झाली. वुडलार्क १९८६ मध्ये अडीचशे जोड्यांपर्यंत घसरला होता. वीस वर्षांत तीन हजारांवर गेला.

मात्र हे श्रेय एकट्या संवर्धनाचं नाही. हिवाळे सौम्य झाले, हे वटवट्याच्या पथ्यावर पडलं. माळ बुडवून लावलेली पाइनची रानं तोडणीला आली तेव्हा मोकळ्या झालेल्या पट्ट्यांत रातवा आणि वुडलार्क शिरले. ऑक्टोबर १९८७ च्या वादळानं सफकची रानं एका रात्रीत आडवी केली आणि या दोघांना तिथे आयती जागा मिळाली. शिवाय ही कमाई पक्की नाही. २००९ आणि २०१० चे हिवाळे कडक गेले आणि वटवट्याची संख्या पुन्हा कोसळली.

आता भर आहे तो तुकडे सांधण्यावर. २०२० मध्ये डॉर्सेटमधले पर्बेकचे माळ एकत्र करून ३,३३१ हेक्टरचं एकच राष्ट्रीय राखीव क्षेत्र घोषित झालं. सात मालक आणि संस्था त्यात सामील आहेत. आतली कुंपणं काढून गाई, तट्टं आणि डुकरं मोठ्या टापूत मोकळी सोडायची, असा तिथला प्रयोग आहे. जुना राबता अखंड चालू असलेला मोठा प्रदेश म्हणजे न्यू फॉरेस्ट. विल्यम राजानं १०७९ मध्ये शिकारीसाठी राखलेल्या या मुलखात गावकऱ्यांची तट्टं आजही मोकळी चरतात, आणि तिथेच सखल माळांचा सर्वांत मोठा सलग पट्टा शिल्लक आहे.

वादाचे मुद्दे

झाडतोड हा पहिला वाद. हवामानबदलाच्या काळात झाड तोडणं पाप वाटतं. वनखात्यानं २०१० मध्ये रान मोडून माळ कधी करावा याचं स्वतंत्र धोरण आखलं, यावरून प्रश्नाची गुंतागुंत कळते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मला मात्र एक फरक महत्त्वाचा वाटतो: पाइन अनेक ठिकाणी लावता येतो, चार हजार वर्षांचा माळ नव्यानं लावता येत नाही.

दुसरा वाद आगीचा. हिवाळ्यात छोट्या पट्ट्यांत मुद्दाम लावलेली आग हेदरला तरुण ठेवते. उन्हाळ्यातली आग सरडे, साप आणि घरटी सगळंच संपवते. मे २०२० मध्ये थर्सली कॉमनवर सुमारे दीडशे हेक्टर माळ जळाला. असा जळलेला माळ पूर्ववत व्हायला दशकं लागतात.

तिसरा धोका दिसत नाही. मोटारींचा धूर आणि शेतीतला अमोनिया यांतून नत्र हवेतून माळावर पडतं. जी जमीन निकस राहण्यावर सगळं उभं, तिलाच फुकट खत मिळतं. नेदरलँड्समध्ये गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हेदरचे माळच्या माळ असे गवताचे झाले.

चौथा, आणि सगळ्यांत नाजूक, माणसांचा. लंडनच्या नैर्ऋत्येला थेम्स खोऱ्याचे माळ दाट वस्तीत अडकले आहेत. २००५ मध्ये त्यांना पक्ष्यांसाठी विशेष संरक्षण मिळालं. तेव्हापासून माळापासून ४०० मीटरच्या आत नवी घरं सहसा होऊ देत नाहीत. पाच किलोमीटरच्या आत घरं बांधायची तर बिल्डरला दर हजार रहिवाशांमागे किमान आठ हेक्टर पर्यायी मोकळी जागा फिरण्यासाठी द्यावी लागते. कारण रातवा आणि वुडलार्क दोघंही जमिनीवर अंडी घालतात. मोकळा सुटलेला कुत्रा घरट्याजवळ आला की पाखरू उठतं आणि अंडी कावळ्याच्या नजरेस पडतात. भोवती वस्ती जितकी जास्त, तितके माळावर रातवे कमी, हे अभ्यासांत दिसलं आहे.

पाहायला जाताना

लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला सरेचे माळ तासा-दीड तासावर आहेत. वॉटर्लूहून वेअरमची गाडी पकडली तर पर्बेक एका दिवसात पाहता येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये वुडलार्कचं गाणं आणि कोवळ्या उन्हात अंग शेकणारे घोणसवर्गीय अ‍ॅडर. एप्रिल-मेच्या वारा नसलेल्या सकाळी वटवट्या, कारण वारा असला की तो झुडपातून डोकं वर काढत नाही. जूनच्या उबदार संध्याकाळी रातवा, जुलैत चतुर, ऑगस्टमध्ये हेदर. हिवाळ्यात नशीब असेल तर माळालगत खालून उडत जाणारा हेन हॅरियर हा शिकारी पक्षी.

नियम थोडे आहेत, पण काटेकोर. १ मार्च ते ३१ जुलै या काळात खुल्या माळांवर कुत्रा आखूड दोरीनं बांधलेला हवा. पायवाट सोडायची नाही. डार्टफर्ड वटवट्याला घरट्यापाशी जाणूनबुजून त्रास देणं हा १९८१ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा फोनवर आवाज वाजवून त्याला बाहेर काढायचा मोह टाळावा.

कुठला राबता?

इंग्लंडचा हीथ आणि आपलं माळरान एक नव्हे. तिथला पाऊस, माती, झुडपं सगळं वेगळं. पण दोघांच्या माथी मारलेला शब्द एकच आहे: पडीक. सोलापूर-अहिल्यानगरकडचे गवताळ माळ सरकारी नोंदींत पडीक ठरले आणि हिरवाईच्या नावाखाली तिथेही झाडं लावली गेली. ज्या माळढोकासाठी १९७९ मध्ये नान्नजचं अभयारण्य झालं, त्याला झाडांची गर्दी नको, उघडं गवत हवं. आणि त्या माळांवरचा लांडगा शतकानुशतकं धनगरांच्या मेंढरांच्या वाटांवरच जगत आला आहे.

थर्सलीवर काय आणि नान्नजवर काय, कुंपण घालून पाठ फिरवली की माळ राखला जात नाही. तो हळूहळू दुसरंच काहीतरी होतो. आणि माणसांना मोकळं सोडलं तरी तो राहत नाही. जुना माणूस माळावर येऊन काहीतरी उचलून नेत असे: भारा, ढेकूळ, चाऱ्याची पेंढी. नवा माणूस येतो तो काहीतरी ठेवून जातो: धूर, कुत्र्याची विष्ठा, विझवायची राहिलेली शेगडी. हातमोजे घातलेल्या त्या टोळीनं नवख्याला द्यायचं उत्तर एवढंच आहे, की आम्हीही इथून काहीतरी उचलूनच नेतो आहोत. एवढं ऐकून तो कुत्र्याला दोरी लावेल किंवा पुढच्या रविवारी करवत घेऊन येईल. माळाला दोन्ही चालतं.